मुक्तस्रोत पॅकेज : परवाना आणि मूळ संहिता
(मराठी भाषासाधनांच्या संदर्भात एक विवेचन)

१. विषयप्रवेश

संगणकावर मराठी लिहिण्याची, वाचण्याची व तपासण्याची जी साधने आज मुक्तपणे उपलब्ध आहेत, ती वापरणाऱ्याच्या हाती पडतात ती बहुधा पॅकेजच्या रूपाने. पॅकेज म्हणजे एखादी आज्ञावली, फॉन्ट किंवा शब्दसंग्रह, तो संगणकावर बसविण्याच्या सूचना, तो ज्या इतर साधनांवर अवलंबून आहे त्यांची नोंद, आणि त्याचे कर्तृत्व व परवाना सांगणारी कागदपत्रे, या सर्वांचे एकत्र बांधलेले गाठोडे होय. हे गाठोडे बांधणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम आहे, अशी भाषाभ्यासकांची समजूत असते. वस्तुतः ते बांधणाऱ्याचा पुष्कळसा वेळ तंत्राबाहेरच्या दोन प्रश्नांत जातो. पहिला प्रश्न असा की, ही वस्तू वाटण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची परवानगी कोणी व कोणत्या अटींवर दिली आहे? दुसरा असा की, ज्यावरून ही वस्तू तयार झाली ती मूळ संहिता, व्यवहारात जिला सोर्स कोड म्हणतात ती, कोठे आहे?

हे दोन्ही प्रश्न परस्परांहून स्वतंत्र आहेत. एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही. भाषेच्या साधनांच्या बाबतीत तर या दोहोंची उत्तरे पॅकेज बांधणारा शोधून काढू शकत नाही. ती साधन रचणाऱ्या अभ्यासकानेच, आणि तीही रचनेच्या वेळीच, देऊन ठेवावी लागतात. प्रस्तुत लेखात हाच मुद्दा स्पष्ट करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या उत्तर तीरावरील गावांतून, पदव्युत्तर वर्गाच्या एका विद्यार्थ्याने ऊस, कापूस, मोसंबीच्या बागा, गुरेढोरे व घरकाम यांसंबंधीचे बोलीतील शब्द जमविले. प्रबंध सादर झाला. पुढे असा विचार निघाला की, हे शब्द मराठी शुद्धलेखन-तपासनिसाच्या शब्दसंग्रहात घालावेत, म्हणजे कुंभार पिंपळगावच्या किंवा तीर्थपुरीच्या मुलाने आपल्या घरचा शब्द लिहिला तर संगणक त्याखाली चुकीची तांबडी रेघ ओढणार नाही. हेतू निर्विवाद चांगला आहे. तो सिद्धीस जाण्यास काय काय लागते, ते आता पाहू.

२. भांडाराचे नियम

मुक्त साधनांची जी मोठी भांडारे आहेत, त्यांपैकी डेबियन हे एक जुने व काटेकोर भांडार. हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. १९९७ मध्ये त्याने आपला सामाजिक करार व मुक्त साधनांचे निकष प्रसिद्ध केले. पुढील वर्षी, १९९८ मध्ये, 'ओपन सोर्स'ची जी व्याख्या रूढ झाली ती याच निकषांवरून बेतलेली आहे. निकषांचा सारांश असा : वस्तू कोणालाही पुन्हा वाटता आली पाहिजे, तिची मूळ संहिता सोबत मिळाली पाहिजे, तीत बदल करून बदललेली वस्तूही वाटता आली पाहिजे, आणि कोणत्याही व्यक्तीविरुद्ध, समूहाविरुद्ध वा उपयोगाच्या क्षेत्राविरुद्ध भेदभाव नसला पाहिजे. या कसोटीस न उतरणाऱ्या वस्तूला मुख्य विभागात स्थान नाही. वाटण्याची परवानगी असेल तर ती फार तर 'नॉन-फ्री' या बाजूच्या विभागात ठेवली जाते.

येथे 'मोफत' आणि 'मुक्त' यांतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. पैसे न घेता दिलेला फॉन्ट मोफत असतो. परंतु त्यात बदल करण्यास मनाई असेल तर तो मुक्त नव्हे. मराठीत हे दोन शब्द निराळे आहेत, हे आपले भाग्यच. इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तेथे या बाबतीत सतत खुलासे करीत राहावे लागते. आपल्याकडे मात्र शब्द दोन असूनही व्यवहारात त्यांची गल्लत होते.

३. परवानगी कोणाची?

पुष्कळांची अशी कल्पना असते की, एखादी गोष्ट सर्वांसमोर ठेवली आणि तिच्याविषयी काहीच लिहिले नाही, म्हणजे ती सर्वांची झाली. कायदा नेमके याच्या उलट आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट अधिनियमानुसार कृती निर्माण होताच तिच्यावर स्वामित्वहक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची आवश्यकता नाही. संगणकाच्या आज्ञावल्या, तक्ते, संकलने आणि संगणकीय विदासंच हे सर्व या अधिनियमात 'साहित्यकृती' या संज्ञेत मोडतात. परवाना द्यावयाचा तर तो लेखी असला पाहिजे. सारांश, मौन म्हणजे संमती नव्हे. मौनाचा अर्थ 'सर्व हक्क राखीव' असाच होतो. ज्या शब्दसंग्रहासोबत परवान्याचा एकही शब्द नाही, त्याला भांडाराचा चालक हात लावू शकत नाही, मग संग्राहकाचे मन कितीही उदार असो.

आता आपल्या उदाहरणातील विद्यार्थ्याने परवाना देण्याचे ठरविले, तर दुसरा प्रश्न उभा राहतो : तो देण्याचा अधिकार त्याला आहे काय? सामान्यतः कर्ता हाच पहिला स्वामी. परंतु नोकरीच्या करारान्वये, कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला स्वामी, अन्यथा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. विद्यार्थी नोकर नसतो. पण तो एखाद्या प्रकल्पावर वेतन घेऊन काम करीत असेल, मार्गदर्शकाने संग्रहाच्या रचनेत प्रत्यक्ष भाग घेतला असेल, किंवा अनुदान देणाऱ्या संस्थेने काही अटी घातल्या असतील, तर स्वामित्वाचे धागे गुंतत जातात. दहा वर्षांनंतर ते सोडविणे जवळजवळ अशक्य होते. मार्गदर्शक निवृत्त झालेले असतात, प्रकल्पाची कागदपत्रे सापडत नाहीत, विद्यार्थी अन्य व्यवसायात गेलेला असतो.

तिसरा प्रश्न संग्रहातील सामग्रीचा. केवळ शब्द हे कोणाच्या मालकीचे नसतात. पण शब्दांची निवड, त्यांची मांडणी, त्यांवरील अर्थ व टिपणे ही कृती ठरू शकते. केवळ श्रम केले म्हणून स्वामित्व मिळत नाही, त्यात थोडीतरी बौद्धिक निर्मिती असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात २००७ मध्ये सांगितले. तेव्हा नुसत्या शब्दयादीचे स्थान एक, आणि व्याख्यांसह शब्दकोशाचे स्थान दुसरे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. ती आज सर्वांना मोकळी आहे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. पण ग्रंथ जुना दिसतो एवढ्यावरून तो मोकळा झाला असे मानता येत नाही. मुदत मोजावयाची ती कर्त्याच्या निधनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे, आणि संयुक्त कृतीत सर्वांत शेवटी निधन पावलेल्या कर्त्यापासून. विद्यार्थ्याने आपल्या बोलीशब्दांचे अर्थ देताना एखाद्या कोशातील व्याख्या शब्दशः उतरून घेतल्या असतील, तर त्या कोशाचा हिशेबही त्याच्या संग्रहाला लागू होतो. कोणती व्याख्या स्वतःची आणि कोणती उतरवलेली, हे त्या वेळी नोंदविले नसेल, तर पुढे ते वेगळे काढणे दुरापास्त होते.

चौथा प्रश्न कायद्याहून नीतीचा अधिक आहे. ज्या माणसांनी ओसरीवर बसून शब्द सांगितले, जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखविल्या, त्यांची संमती कशासाठी होती? 'अभ्यासासाठी' दिलेली संमती आणि 'कोणीही घ्यावे, बदलावे, विकावे' यासाठी दिलेली संमती या एक नव्हेत. सुट्या शब्दांच्या बाबतीत अडचण थोडी असते. ध्वनिमुद्रित गीते, कथा व आठवणी यांच्या बाबतीत ती मोठी असते. संमतिपत्रात हा भेद आरंभीच केलेला असावा.

४. अटींचा मेळ

परवाना असला म्हणजे काम झाले, असेही नाही. एका पॅकेजमध्ये अनेक ठिकाणची सामग्री येते, आणि प्रत्येकीचा परवाना आपापल्या अटी घेऊन येतो. या अटी एकमेकींशी जुळाव्या लागतात. ग्नू जनरल पब्लिक लायसन्स, यापुढे जीपीएल, याची दुसरी आवृत्ती १९९१ ची आणि तिसरी २००७ ची. जीपीएलखालील कृतीवरून रचलेली नवी कृती वाटावयाची तर तीही जीपीएलखालीच वाटावी लागते. केवळ दुसऱ्या आवृत्तीखाली दिलेली आज्ञावली आणि २००४ च्या अपाची परवान्याखालील आज्ञावली एका कृतीत मिसळता येत नाहीत. तिसऱ्या आवृत्तीत ती अडचण दूर झाली. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेयनिर्देश व समान वाटप' या परवान्याच्या चौथ्या आवृत्तीतील सामग्री जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत घेता येते, असे २०१५ मध्ये जाहीर झाले. पण हा मार्ग एकेरी आहे, उलट दिशेने जाता येत नाही. विकिपीडियावरील लेख २०२३ पर्यंत त्याच परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली होते आणि त्या आवृत्तीला ही सवलत नाही. म्हणून मराठी विकिपीडियातून शब्द अथवा वाक्ये गोळा केली असतील, तर ती कोणत्या दिवशी घेतली, ही नोंदही उपयोगाची ठरते.

केवळ एकत्र ठेवणे आणि मिसळणे यांत मात्र फरक आहे. एकाच भांडारात दोन भिन्न परवान्यांची पॅकेजे शेजारी शेजारी ठेवण्यास जीपीएलची हरकत नसते. शुद्धलेखन-तपासनीस ही आज्ञावली आणि ती वाचते तो शब्दसंग्रह यांना सामान्यतः निरनिराळ्या कृती समजतात. ज्या हन्स्पेल या तपासनिसावर पुष्कळ मुक्त साधने विसंबून आहेत, त्याची मूळ आज्ञावली तीन पर्यायी परवान्यांखाली दिलेली आहे आणि निरनिराळ्या भाषांचे शब्दसंग्रह आपापले परवाने घेऊन त्याच्यासोबत नांदतात.

विद्यापीठीय वर्तुळात सर्वांत अधिक अपाय करणारी अट दिसावयास अगदी निरुपद्रवी आहे : 'केवळ शैक्षणिक व अव्यापारी उपयोगासाठी'. ती घालणाऱ्याच्या मनात असते ते एवढेच की, आपल्या कष्टावर कोणा व्यापाऱ्याने परस्पर पैसे मिळवू नयेत. परिणाम निराळाच होतो. ही अट उपयोगाच्या क्षेत्राविरुद्ध भेद करते. म्हणून असा संग्रह मुक्त भांडाराच्या मुख्य विभागात येऊच शकत नाही, आणि ज्या शाळा, ग्रामपंचायती व छोटी वृत्तपत्रे मुक्त प्रणालीवर चालतात त्यांच्यापर्यंत तो सहजी पोहोचत नाही. जेसन या विदास्वरूपाच्या मूळ आज्ञावलीच्या परवान्यात 'हिचा उपयोग चांगल्यासाठी करावा, वाइटासाठी नव्हे' अशा आशयाचे एक वाक्य होते. एवढ्या सदिच्छेच्या वाक्यामुळेही डेबियनने ती आज्ञावली मुख्य विभागाबाहेर ठेवली. कारण चांगले कोणते आणि वाइट कोणते, हे ठरविणार कोण? व्यापाऱ्याने सुधारणा स्वतःपाशी दडवू नये, अशी इच्छा असेल तर त्यासाठी 'समान वाटपा'ची अट पुरेशी आहे.

५. मूळ संहिता म्हणजे काय?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जीपीएलमध्ये मूळ संहितेची जी व्याख्या आहे, तिचा आशय असा : कृतीत फेरबदल करण्यासाठी जे रूप पसंत केले जाते ते तिचे मूळ रूप. व्याख्या साधी दिसते. पण भाषासाधनांना लावताना ती फार फलदायी ठरते.

आज्ञावलीच्या बाबतीत भेद उघड असतो. माणसाने लिहिलेली वाचनीय संहिता एक, आणि यंत्राने तिच्यावरून सिद्ध केलेले द्विमान अंकांचे रूप दुसरे. शब्दसंग्रहात तो इतका उघड नसतो, कारण तेथे दोन्ही रूपे वाचनीयच असतात. मराठी नामाला विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये सामान्यरूपाद्वारे लागतात : फूल, फुलाला, फुलात, फुलांमध्ये, फुलापासून, फुलावरचा. एका नामाची अशी शेकडो रूपे होतात. हन्स्पेलसाठी संग्रह दोन फाइलींत रचता येतो : एकीत मूळ शब्द व प्रत्येकापुढे त्याच्या गणाची खूण, दुसरीत त्या गणाचे नियम, म्हणजे 'फूल'मधील दीर्घ ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, 'घोडा' याचे 'घोड्या-' होते, इत्यादी. उलट सर्व रूपे यंत्राकडून विस्तारून एकच लांबलचक यादी करता येते. तपासनीस दोन्हींवर चालतो. वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही.

परंतु दुरुस्ती करावयाची वेळ आली की फरक जाणवतो. मराठी लेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले व १९७२ मध्ये त्यांत भर पडली. लिपी व वर्णमालेविषयी शासनाने २००९ मध्ये नवा निर्णय काढला. नियम बदलतात, आणि बदलत राहणार. ज्याच्याजवळ गणांच्या खुणा व नियमांची फाइल आहे, तो एक नियम बदलून हजारो रूपे सुधारतो. ज्याच्याजवळ केवळ विस्तारित यादी आहे, त्याला प्रत्येक ओळ शोधावी लागते. आणि एखादे रूप मुद्दाम घातलेले आहे की यंत्राने चुकून निर्माण केलेले आहे, हे त्याला कळण्यास मार्ग नसतो. तात्पर्य, यादी ही मूळ संहिता नव्हे. ती तिची सिद्ध केलेली प्रत होय. यादीवर अत्यंत उदार परवाना लिहिला तरी त्या उदारतेचा उपयोग करण्याचे साधन मात्र दिलेले नसते. याच्या उलट प्रकारही आढळतो : मूळ फाइली सर्वांना दिसतात, पण परवाना नाही. पहिल्या प्रकारात बदलण्याची मुभा आहे, शक्यता नाही. दुसऱ्यात शक्यता आहे, मुभा नाही.

आपल्या घनसावंगीच्या संग्रहात मूळ संहिता कोणती? प्रबंधाची छापील प्रत नव्हे, तिची पीडीएफ फाइल तर नव्हेच. ज्या तक्त्यात शब्द, उच्चार, लिंग, सामान्यरूप, गाव आणि नोंदीची तारीख हे रकाने निरनिराळे आहेत, तो तक्ता ही मूळ संहिता. पीडीएफमधून देवनागरी मजकूर उचलताना जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी यांची कशी दैना होते, हे अभ्यासकांना सांगावयास नकोच.

६. लोहित फॉन्टचे उदाहरण

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच कृतीच्या इतिहासात पाहावयाची असतील तर लोहित या फॉन्टमालिकेकडे पाहावे. रेड हॅट या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या या मालिकेचे मूळ फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरविले होते. आरंभी ही मालिका जीपीएलखाली होती. फॉन्टला जीपीएल लावण्यात एक विशिष्ट अडचण आहे : फॉन्ट दस्तऐवजात अंतर्भूत होतो; मग त्या दस्तऐवजालाही जीपीएलच्या अटी लागू होतात काय? ही शंका दूर करण्यासाठी जीपीएलला स्वतंत्र अपवाद जोडावा लागतो. केवळ फॉन्टसाठी रचलेल्या एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सची १.१ ही आवृत्ती २००७ ची. तीत दस्तऐवजाला या अटी लागत नाहीत असे स्पष्ट म्हटले आहे, फॉन्ट सुटा विकण्यास मनाई आहे, आणि मूळ नाव राखून ठेवण्याची सोय आहे. लोहित मालिका २०११ मध्ये या परवान्याखाली आली. असा परवाना-पालट करता येतो तो सर्व हक्कधारकांची संमती मिळविता आली तरच. हक्कधारक विखुरलेले व अज्ञात असतील, तर जुन्या परवान्यातच अडकून पडावे लागते.

मूळ संहितेचा भागही तितकाच बोधप्रद आहे. फॉन्टची जी फाइल आपण संगणकावर बसवितो, तीत अक्षरांच्या आकृती व जोडाक्षरांचे नियम असतात. पण ते यंत्राला सोयीच्या रूपात. ती उघडून दुरुस्त करता येते खरे, तथापि नियमांना दिलेली नावे, त्यांवरील टिपणे व रचनेचा क्रम यांचा बराच भाग नाहीसा झालेला असतो. लोहितच्या मूळ संचात आकृत्यांच्या संपादनयोग्य फाइली मिळतात, आणि पुढील सुधारणांत जोडाक्षरांचे नियम वेगळ्या, वाचनीय फाइलीत मांडले गेले. मराठीच्या दृष्टीने याचे महत्त्व असे की, 'ल' व 'श' यांची मराठी वळणे हिंदीहून भिन्न आहेत आणि 'ऱ्य'मधील अर्ध्या र-चे रूप मराठीला आवश्यक आहे. परवाना व मूळ संहिता दोन्ही हाती असल्यामुळेच एकाच देवनागरी फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळी वळणे योजणे, आणि डेबियनमध्ये मराठीकरिता त्याचे स्वतंत्र पॅकेज ठेवणे शक्य झाले. यांपैकी एक जरी गोष्ट नसती तरी आपल्याला दुसऱ्या कोणाच्या इच्छेची वाट पाहावी लागली असती.

७. पुष्पिका आणि परवाना-फाइल

प्राचीन साहित्याच्या अभ्यासकाला यातील काहीच अपरिचित वाटू नये. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. त्यांचा दासबोध मठोमठी नकलला गेला आणि पाठभेद वाढले. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी डोमगावच्या मठातील, कल्याणस्वामींच्या हातच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या प्रतीच्या आधारे १९०५ मध्ये दासबोध छापला, तेव्हा त्यांना जी गोष्ट महत्त्वाची वाटली तीच येथे मूळ संहिता या नावाने पुढे येते. वाचावयास कोणतीही नक्कल चालते. शुद्ध करावयास मूळाजवळची प्रत लागते. नक्कलकार आपल्या पोथीच्या अखेरीस पुष्पिका लिहीत : कोणी, कोणत्या गावी, कोणत्या शकात, कोणासाठी लिहिले. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजमध्ये 'कॉपीराइट' नावाची एक फाइल असते. तीत कोणत्या फाइलीचे कर्ते कोण, वर्षे कोणती व परवाना कोणता हे लिहिलेले असते. २०१२ पासून ती यंत्रालाही वाचता येईल अशा ठरावीक साच्यात लिहिण्याची सोय झाली आहे. नवे पॅकेज मुख्य भांडारात घेण्यापूर्वी ही फाइल स्वतंत्रपणे तपासली जाते, आणि परवाना न जुळणारा अथवा मूळ संहिता नसलेला भाग मूळ संचातून वगळून पॅकेज पुन्हा बांधले जाते. अशा वेळी आवृत्तीच्या क्रमांकापुढे तशी खूण जोडतात. पुष्पिकेवाचून आलेली पोथी अभ्यासक टाकून देत नाही, पण तिच्यावर विसंबतही नाही. भांडाराचा चालक तर तिला दारातच थांबवितो.

८. उपसंहार

यावरून विभागाने करावयाच्या गोष्टी अगदी थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत. संग्रहास आरंभ करतानाच स्वामित्व कोणाकडे राहील हे विद्यार्थी, मार्गदर्शक व संस्था यांनी एका पानावर लिहून ठेवावे. सांगणाऱ्यांच्या संमतिपत्रात अभ्यास व मुक्त वितरण यांचे रकाने वेगळे असावेत. दुसरीकडून घेतलेल्या प्रत्येक नोंदीपुढे तिचे मूळ व घेतल्याची तारीख लिहावी. नवा परवाना स्वतः रचण्याच्या भरीस न पडता, ज्यांचा अर्थ सर्वत्र ठरलेला आहे अशा प्रचलित परवान्यांतून एक निवडावा व त्याचा पूर्ण मजकूर संग्रहासोबत ठेवावा. आणि प्रबंध दाखल करताना छापील प्रतीबरोबर संपादनयोग्य तक्ता, नियमांच्या फाइली व त्यांवरून अंतिम रूप कसे सिद्ध केले याची कृती हीही दाखल करून घ्यावी.

आज महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत बोलींवरील प्रबंध मोठ्या संख्येने पडून आहेत. त्यांतील श्रम खरे आहेत, सामग्री मोलाची आहे. पण ज्या खेड्यांतून ते शब्द आले, तेथील मुलांच्या संगणकावर ते चुकीचे म्हणूनच दाखविले जातात. आणि याचे कारण बहुतेक वेळा तंत्राची उणीव हे नसते. परवानगीचा एक परिच्छेद आणि मूळ तक्त्याची एक फाइल यांच्या अभावी ते शब्द कपाटातच अडकलेले असतात. सांगणारी पिढी हयात आहे तोपर्यंतच, आणि संग्राहक हाताशी आहेत तोपर्यंतच, ही उणीव भरून काढता येण्यासारखी आहे.